रिकाम्या जागेचा कर्णधार : कर्नल सी. के. नायडू

बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमावर्ती जिल्ह्यांत तुरीची आणि ज्वारीची रास घरी आली की काळ्या मातीची मोकळी शिवारे क्रिकेटची मैदाने होतात. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मुले मराठीत भांडतात, कानडीत गुण मोजतात आणि उर्दूत टाळी मागतात. अशा सामन्यात सर्वांत तावातावाने वाद रंगतो तो पंचाच्या निर्णयावर नव्हे, तर कोणी खेळाडू जखमी झाल्यावर. सीमारेषेवरचा मुलगा ढेकळात पाय मुरगळून बसला की खेळ थांबतो. त्याच्या जागी कोणी जायचे? कव्हरवरच्या चपळ पोराला मागे पाठवले तर कव्हर उघडे पडते. जखमी मुलाला स्लिपमध्ये उभे केले तर झेल सुटण्याची भीती. पाठीमागच्या कट्ट्यावरून सल्ले येत राहतात आणि अखेर निर्णय एकट्या कर्णधाराच्या गळ्यात पडतो.

हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. भारताच्या कसोटी क्रिकेटचा जन्मच या प्रश्नाच्या सावटाखाली झाला आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्या माणसावर आली, त्याचे नाव कोट्टारी कनकैया नायडू. क्रिकेटरसिकांच्या तीन पिढ्यांनी त्यांना केवळ सी. के. म्हणून ओळखले.

नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू, वातावरण सुशिक्षित, वडील केंब्रिजमध्ये शिकलेले. बालपण आणि शिक्षण नागपुरातच झाले. हिस्लॉप संस्थेच्या मैदानावर त्यांचा खेळ आकाराला आला. उंच, सडसडीत बांधा, ताठ चाल आणि चेंडू उंच फटकावण्याचे बिनधास्त धाडस ही त्यांची ओळख फार लवकर ठरून गेली. 1916 मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते प्रथमश्रेणीत उतरले, तेव्हा त्यांची पहिली धाव मोजली गेली ती षटकारानेच. त्या काळी बहुतेक फलंदाज जमिनीलगत खेळण्यात प्रतिष्ठा मानत. नायडूंनी सुरुवातीलाच तो संकेत मोडला.

1923 च्या सुमारास इंदूरच्या होळकर दरबाराने त्यांना आपल्याकडे बोलावून सैन्यात अधिकारपद दिले. नागपूरचा हा तरुण इंदूरचा झाला तो कायमचाच. पुढे नावामागे लागलेली कर्नल ही उपाधी त्याच सेवेची. मराठी संस्थानाच्या छायेत एका तेलुगू घरातल्या खेळाडूने चाळीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि तेथील क्रिकेटला देशात अव्वल स्थान मिळवून दिले.

त्यांचे नाव देशभर पोहोचले ते 1926 मध्ये. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नायडूंनी दोन तासांच्या आत 153 धावा केल्या आणि त्यांत 11 षटकार होते. मैदानाभोवतीच्या झाडांवर आणि गच्च्यांवर माणसे चढून बसली होती. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय खेळाडू इंग्लंडशी बरोबरीच्या नात्याने खेळू शकतात, हा विश्वास त्या डावाने दृढ झाला. दोनच वर्षांनी, 1928 मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

1932 च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या काळच्या रीतीनुसार कर्णधारपद संस्थानिकाकडे होते. पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार. महाराजांना स्वतःच्या खेळाची मर्यादा ठाऊक होती आणि त्यांनी मोठ्या मनाने बाजूला होण्याचे ठरवले. पहिल्या कसोटीची धुरा उपकर्णधाराकडे जायची, पण नेमक्या त्याच वेळी लिंबडीकरांच्या पाठीला दुखापत झाली. अशा रीतीने 25 जून 1932 रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत संघाला मैदानावर नेण्याचा मान नायडूंना मिळाला. दुसऱ्याच्या दुखापतीने रिकामी झालेली जागा भरणे, हेच त्यांच्या कर्णधारपदाचे पहिले काम ठरले. संघातील काहींना हा बदल रुचला नव्हता आणि सामन्याच्या आदल्या रात्री कुरबुर झाली, असे सांगतात. पण निर्णय फिरला नाही.

त्या सकाळी जे घडले ते आजही अंगावर रोमांच आणते. मोहम्मद निसार यांच्या वेगाने सटक्लिफ आणि होम्स या इंग्लंडच्या नामवंत सलामीवीरांचे त्रिफळे उडवले. पाठोपाठ मलायातून आलेल्या लालसिंग यांच्या चपळ क्षेत्ररक्षणाने वुली धावचीत झाले. इंग्लंड 3 बाद 19. यष्ट्यांमागे पुण्याजवळच्या फुलगावचे जनार्दन नवले उभे होते. संघातला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदाच अशा मोठ्या प्रसंगाला सामोरा जात होता, तरी सुरुवातीच्या त्या तासात मैदानात कोठे फट दिसत नव्हती.

मग दुखापतींची रांग लागली. नझीर अली यांचा पाय दुखावला. फिरोज पालिया यांच्याही पायाचा स्नायू ताणला गेला आणि त्यांना धावणे अशक्य झाले. अकरांपैकी दोघे असे निकामी झाले असताना एम्स यांचा झेल टिपण्याच्या प्रयत्नात खुद्द कर्णधाराच्या हाताला मार लागला.

या प्रसंगाचे गांभीर्य समजण्यासाठी त्या काळचा नियम ध्यानात घ्यावा लागतो. जखमी खेळाडूऐवजी बदली क्षेत्ररक्षक घेता येत असे, पण त्याला गोलंदाजी वा फलंदाजी करता येत नसे. शिवाय 1884 पासून चालत आलेल्या नियमावलीत आणखी एक अट होती. बदली खेळाडू कोण असावा आणि त्याने मैदानात कोणत्या जागी उभे राहावे, या दोन्ही गोष्टींना प्रतिपक्षाची संमती लागत असे. म्हणजे जखमी माणसाच्या जागी एखादा तरबेज क्षेत्ररक्षक सरळ नेऊन उभा करावा, ही सोय कर्णधाराच्या एकट्याच्या हाती नव्हती. समोर जार्डीनसारखा काटेकोर कर्णधार होता. त्यामुळे उरलेल्या माणसांचीच फेरमांडणी करणे, जलद धावणाऱ्याला लांबच्या सीमेवर पाठवणे, लंगडणाऱ्याला जवळ घेणे आणि गोलंदाजाला त्या नव्या रचनेला साजेशी दिशा धरायला लावणे, एवढेच खात्रीचे मार्ग उरत. संमतीची ही अट 1980 च्या नियमावलीपर्यंत टिकून होती.

याच प्रश्नाचे रूप बेसबॉलमध्ये निराळे दिसते. तेथे बदली खेळाडू जखमी माणसाची जागा पूर्णपणे घेतो आणि बाहेर गेलेला पुन्हा त्या सामन्यात येऊ शकत नाही. त्यामुळे वाद वेगळ्या अंगाने रंगतो. बाह्यक्षेत्रातील डावी, मधली आणि उजवी अशा तीन जागांपैकी सर्वांत जास्त पळापळ मधल्या जागेवर असते. तेथला खेळाडू जायबंदी झाला तर नवा माणूस थेट मध्यभागी ठेवायचा, की शेजारच्या अनुभवी खेळाडूला मध्ये सरकवून नवख्याला कडेला ठेवायचे? न्यूयॉर्क यांकीज संघाचा मिकी मँटल 1951 च्या अंतिम मालिकेत उजव्या बाजूला चेंडूमागे धावताना गटाराच्या झाकणात पाय अडकून पडला आणि त्याचा गुडघा जन्मभरासाठी दुबळा झाला. पुढच्याच हंगामात मधली जागा त्याच्याकडे आली आणि त्याच दुखऱ्या पायांवर त्याने ती वर्षानुवर्षे सांभाळली. 1967 मध्ये मात्र त्याला बाह्यक्षेत्रातून काढून पहिल्या बेसवर उभे केले गेले. पाय थकले तरी बॅट चालत होती, म्हणून जागा बदलली. क्रिकेटच्या कर्णधाराला असा पुरता बदल करण्याची मुभा नव्हती. जखमी माणूस त्याच्या हिशेबातून जातही नसे आणि पुरता उपयोगीही पडत नसे.

लॉर्ड्सवर नायडूंनी या अडचणीला दिलेले उत्तर धावफलकात उतरले आहे. दुखऱ्या हाताने ते फलंदाजीस आले आणि पहिल्या डावात त्यांच्या 40 धावा भारताकडून सर्वाधिक ठरल्या. इंग्लंडच्या 259 ला भारताने 189 ने उत्तर दिले. दुसऱ्या डावात पालियांना सातव्या क्रमांकावरून थेट शेवटी ठेवले गेले. जेमतेम उभे राहता येणारा तो माणूस अखेरच्या जागी आला आणि 1 धावेवर नाबाद राहिला. अमरसिंग यांनी 51 धावा फटकावल्या. भारत 158 धावांनी हरला. पराभवाचा आकडा मोठा होता, पण धडधाकट अकरा माणसे मैदानात टिकली असती तर काय झाले असते, हा विचार तो सामना वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथमश्रेणी सामन्यांत 1618 धावा केल्या आणि 65 बळी घेतले. वॉरविकशायरविरुद्ध बर्मिंगहॅमला त्यांनी मारलेला एक षटकार मैदानालगतच्या री नदीपलीकडे गेला, ही कथा आजही सांगितली जाते. ती नदी त्या काळी दोन परगण्यांची सीमा मानली जात असल्याने एका परगण्यातून दुसऱ्यात मारलेला फटका म्हणून त्याचा लौकिक झाला. 1933 मध्ये विस्डेनने त्यांची वर्षातील पाच क्रिकेटपटूंत निवड केली. हा मान भारताच्या कसोटी संघातील खेळाडूला तेव्हा प्रथमच मिळाला.

1933-34 मध्ये जार्डीन यांचा संघ भारतात आला आणि नायडूंसमोर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मुंबईत लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले, तेव्हा दुसऱ्या टोकाला 67 धावा करणारे नायडू होते. कोलकात्याला निकोल्स यांचा चेंडू यष्टिरक्षक-फलंदाज दिलावर हुसेन यांच्या डोक्याला लागला. डोक्याला पट्टी बांधून ते परतले आणि त्यांनी दोन डावांत 59 व 57 धावा केल्या. मद्रासला क्लार्क यांच्या चेंडूने नौमल जिऊमल जायबंदी झाले आणि त्यांना मैदान सोडावे लागले. शिरस्त्राण तेव्हा अस्तित्वात नव्हते. जखमी माणसाला परत पाठवायचे की नाही, हे वैद्यापेक्षा कर्णधाराच्या आणि त्या माणसाच्या धैर्यावरच अवलंबून असे.

1936 च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले आणि नायडू साधे खेळाडू म्हणून संघात राहिले. तो दौरा हेवेदाव्यांनी गाजला. ओव्हलवरच्या अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांचा उसळता चेंडू नायडूंच्या शरीरावर आदळला. ते वेदनेने वाकले, पण खेळपट्टी सोडून गेले नाहीत. त्या डावात त्यांनी 81 धावा केल्या. तो त्यांचा शेवटचा कसोटी डाव होता. एकूण सात कसोटी, 350 धावा, 9 बळी. संख्येने पाहता हा हिशेब थोडका वाटतो. पण कसोटीचे दार उघडले तेव्हा ते सदतिशीकडे झुकले होते, हे विसरता येत नाही.

त्यांचे खरे राज्य त्यानंतर होळकर संघात उभे राहिले. 1944-45 ते 1952-53 या नऊ हंगामांत होळकर संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे खेळाडू त्यांच्या हाताखाली घडले वा बहरले. 1945-46 च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी स्वतः 200 धावा केल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. 1944-45 च्या अंतिम सामन्यात त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी मुंबईविरुद्ध दोन डावांत मिळून 152.5 षटके टाकली. एका सामन्यात एका गोलंदाजाने 917 चेंडू टाकावेत, यात त्या संघाची चिकाटी दिसते आणि कर्णधाराची कठोरताही.

ही कठोरता नायडूंच्या थोरवीचा एक भाग होती आणि तिचा काच सहकाऱ्यांनाही सोसावा लागला. शिस्त, व्यायाम, वेळेचे बंधन यांत ते तडजोड करीत नसत. दुखते म्हणून मैदान सोडणे त्यांना मान्य नव्हते. पण हा नियम त्यांनी प्रथम स्वतःला लावला. 1951-52 च्या हंगामात मुंबईविरुद्ध दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दात पडले. फडकर कोल्हापूरचे, वयाने त्यांच्याहून तीस वर्षे लहान. ते ओशाळले. छप्पन्न वर्षांच्या कर्नलनी पडलेले दात खेळपट्टीवरून बाजूला सारले, उपचारासाठी आत जाण्याचे नाकारले आणि गोलंदाजाने वेग कमी करू नये असे खुणावून पुन्हा पवित्रा घेतला, अशी ही हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

त्या हकिगतीकडे आज दोन नजरांनी पाहिले जाते. एक नजर तिच्यात शौर्य पाहते. दुसरी म्हणते की तोंडावर मार बसलेल्या माणसाने खेळत राहणे हे कौतुकाचे नव्हे, काळजीचे लक्षण आहे. दुसऱ्या नजरेच्या बाजूने पुढचा इतिहास साक्ष देतो. 1962 मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू बसला आणि त्यांचे प्राण शस्त्रक्रियेने वाचले, पण कसोटी कारकीर्द तेथेच संपली. 1998 मध्ये ढाक्याला जवळच्या क्षेत्ररक्षणासाठी शिरस्त्राणाविना उभे राहिलेले रमण लांबा डोक्याला चेंडू लागून दगावले. 2019 पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी पूर्ण बदली खेळाडू मिळतो आणि तो फलंदाजी व गोलंदाजीही करतो. नायडूंना 1932 मध्ये अशी सोय असती तर त्यांनी ती घेतली असती का, हे सांगणे कठीण आहे. डोक्यावर पट्टी बांधून परतलेल्या दिलावर हुसेन यांना मात्र आजच्या नियमाने तंबूतच बसवले असते, आणि ते योग्यच झाले असते.

तरीही नायडूंच्या आयुष्यातून जे उरते ते केवळ दुखणे गिळण्याचे उदाहरण नाही. त्यांच्या काळात संघाची घडी जन्म, दरबार आणि जमात यांवर बसवली जात असे. कर्णधार राजघराण्यातला, सामने धर्मानुसार विभागलेले, मानाच्या जागा आधीच वाटलेल्या. दुखापत झाली की ही घडी क्षणात विस्कटे आणि कोणाला काय जमते एवढाच प्रश्न उरे. लिंबडीकरांची पाठ दुखावली नसती तर भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधाराचे नाव वेगळे असते. जागा रिकामी झाली, म्हणून लायक माणूस तेथे उभा राहू शकला.

बिदर-कलबुर्गीचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1930-31 पासून सिकंदराबादला भरणाऱ्या मोईन-उद-दौला सुवर्णचषक स्पर्धेत देशातील नामांकित खेळाडू उतरत आणि त्या स्पर्धेमुळे संस्थानात क्रिकेटची गोडी वाढली. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 च्या पुनर्रचनेत हे दोन जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि मराठी बोलणाऱ्या गावांच्या वाट्याला सीमा आली. राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलली. मैदानावरची भाषा मात्र सरमिसळच राहिली.

नायडू 1956-57 मध्ये, वयाच्या 61 व्या वर्षी, उत्तर प्रदेशकडून शेवटचा रणजी सामना खेळले. 1956 मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले. अठ्ठावन्न-साठीत माणसे नातवंडांना मैदानावर सोडायला जातात. नायडू त्या वयात स्वतः पॅड बांधत होते. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा करंडक आज देशातील तरुण खेळाडूंसाठी खेळवला जातो. गोव्याचा संघ त्यात उतरतो, कर्नाटकाचा उतरतो, महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भही उतरतात. त्या सामन्यांत एखादा मुलगा चेंडूमागे झेपावताना खांदा दुखावून बसतो. संघाचा वैद्य धावत येतो, बदली खेळाडू सीमेवर अंग सैल करू लागतो आणि आता त्याच्या जागेसाठी प्रतिपक्षाची परवानगी कोणी विचारत नाही. कर्णधार मैदानाकडे एकदा नजर टाकतो. कव्हरचा माणूस मागे, मिड-ऑनचा कव्हरला, नवा माणूस मिड-ऑनला. हाताचे तीन इशारे होतात आणि गोलंदाज पुन्हा धावू लागतो. औराद-आळंदच्या शिवारात मात्र हाच निर्णय व्हायला अजूनही दहा मिनिटे लागतात, कारण तेथे प्रत्येकालाच कर्णधार व्हायचे असते.